नगराळे सरांची काळी भुकटी

आमच्या कॉलेजात नव्याने लागलेल्या माणसाला नगराळे सर पहिल्या भेटीत नाव-गाव विचारत नसत. घरी बंद पडलेले सेल आहेत का, ते विचारत. मलाही विचारलं. मी तासिका तत्त्वावर फिजिक्स शिकवायला आले होते, पहिलाच दिवस होता, नेमणुकीचं पत्र अजून पर्समध्येच होतं. स्टाफरूमच्या दारात एक उंच, काटकुळा माणूस उभा राहिला. पांढरा शर्ट, पायात चपला आणि नखांत गॅरेजवाल्यासारखी काळी रेघ. म्हणाला, "मॅडम, घरी टॉर्चचे, घड्याळीचे सेल बंद पडले असतीन तर फेकू नका. मले द्या. मोठे असले तर चांगलंच."

मला वाटलं, माणसाचा भंगारचा जोडधंदा असावा. तासिकेवरच्या माणसाला असले विचार लवकर सुचतात. नंतर कळलं, हे केमिस्ट्रीचे विभागप्रमुख. विभागात दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे प्रमुखही तेच आणि विभागही तेच.

कॉलेज यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचं. नाव सांगत नाही, कारण या गोष्टीत सरांचं कौतुक कमी आणि आमची फजिती जास्त आहे. तिथे दुपारच्या सुट्टीत सर व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून बसत आणि पकडीने सेल फोडत. जस्ताचं टरफल एकीकडे, काळा लगदा दुसरीकडे आणि मधली कार्बनची कांडी तिसरीकडे. कांडी धुऊन, पुसून, खिशात पेनाच्या शेजारी. पोरं त्यांना मागून "सेलवाले सर" म्हणत. सरांना ते माहीत होतं. एकदा वर्गात हजेरी घेता घेता म्हणाले, "सेलवाले सर म्हनता त सेल तरी आनत जा रे. नुसतं नाव घेऊन काय फायदा?" त्यानंतर महिनाभर सरांच्या टेबलावर सेलांचा ढीग पडलेला असे.

दुसऱ्या आठवड्यात ते माझ्या प्रयोगशाळेत बॅटरी एलिमिनेटर मागायला आले. मी विचारलं, किती दिवसांसाठी हवाय?

"रिटायर होईपरेंत," सर म्हणाले. "आता दोन-अडीच वर्षंच रायले, मॅडम. लय नाई मांगत."

मी नवी होते, पण सही केल्याशिवाय वस्तू द्यायची नाही एवढं मला कळत होतं. मी म्हटलं, आधी काय करता ते दाखवा. सर खूश झाले. इतक्या वर्षांत त्यांना हे विचारणारं बहुधा कोणी भेटलं नसावं.

त्यांनी बीकरमध्ये खताच्या क्षाराचं पाणी घेतलं, त्यात दोन कांड्या सोडल्या, एलिमिनेटरच्या तारा जोडल्या आणि दहा व्होल्टवर बटण फिरवलं. पहिली दोन मिनिटं नुसते बुडबुडे. मग अधिक टोकाला जोडलेली कांडी अंगाने फुगल्यासारखी झाली आणि तिच्यापासून काळे बारीक पापुद्रे सुटून खाली उतरू लागले. दहा मिनिटांत बीकरमधलं पाणी काळंभोर.

"तेंदूचा पुडा पाह्यला का कधी?" सरांनी विचारलं.

मी दिग्रसकडच्या तांड्यावरची. आमच्याकडे उन्हाळ्यात कुणाच्या अंगणात तेंदूच्या, म्हणजे बिडीच्या पानांचे पुडे वाळत नव्हते? मी हो म्हटलं.

"माही माय पानं तोडाले जाये, अन् आमी पोट्टे पुडे बांधो. त हे ग्रॅफाइट म्हंजे पुडा समजा. एकावर एक पानं, अन् सारे चिकटून बसलेले. नखानं काढाले गेलं का फाटते. म्हून करंट लावाचा. क्षाराचे कण पानापानाच्या मधात घुसतात, तथी वायू होते, तो फुगते अन् पान वेगळं होते. पान सुटलं पाह्यजे, फाटलं नाई पाह्यजे. एवढीच माही पीएचडी हाय."

एका अणूच्या जाडीचं पान, म्हणजे ग्राफीन, हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहून मार्कही घेतले होते. पण ते माझ्या डोळ्यांसमोर, गळक्या नळाच्या शेजारी, टॉर्चच्या सेलातून निघतंय, हे पाहून मला फार आनंद झाला. मी एलिमिनेटर दिला. सहीसुद्धा मीच केली.

ही पीएचडी म्हणजे सरांच्या जिवाचा घोर होती. पंचेचाळिशी उलटल्यावर त्यांनी नाव नोंदवलं होतं. आधी बहिणींची लग्नं, मग मुलींचं शिक्षण, मग विभागात एकटेच, म्हणून सुट्टी नाही. दोनदा मुदत वाढवून मिळाली होती. तिसऱ्यांदा मिळाली तेव्हा विद्यापीठाने पत्रात स्पष्टच लिहिलं, ही शेवटची. अमरावतीचे त्यांचे गाइड वयाने त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते आणि सरांना "अहो नगराळे" म्हणत. सर त्यांना "सर" म्हणत. मला त्याचा राग यायचा, सरांना यायचा नाही.

साहित्याच्या बाबतीत सर कुणाचीही भीड ठेवत नसत. कृषी केंद्रात जाऊन अमोनियम सल्फेट मागायचे. दुकानदाराचा ठरलेला प्रश्न, "किती एकरले, सर?"

"एका ग्लासाले."

"ग्लासात पऱ्हाटी लावता काय, सर?"

"लावतो न. काया कापूस निंघते त्याले."

दुकानदार फाटक्या पोत्यातलं मूठभर फुकट देई. खत ते, त्यात माती, काडी सगळं. सर ते तीन वेळा विरघळवून, गाळून, पुन्हा स्फटिक करून घेत. मग पापुद्रे पाण्यात हलवून सुटे करायला जे यंत्र लागतं, ते आमच्या कॉलेजात असण्याचा प्रश्नच नव्हता. तसलंच एक लहान यंत्र गावातल्या सोनाराकडे दागिने धुवायला होतं. सोनाराचं दुकान आठवड्यातून एक दिवस बंद असे, त्या दिवशी सर आपली काळी बाटली घेऊन त्याच्याकडे जात. सोनार कपाळाला हात लावायचा. "सर, सोन्याच्या मशीनीत कोयसा धुऊन राह्यले तुमी." पण कधी नाही म्हणाला नाही. उलट एकदा यंत्र बिघडलं तर सरांना निरोप पाठवून त्याने दुरुस्तीची तारीख कळवली होती.

नागपूरहून पहिल्यांदा नमुना तपासून आला तेव्हा अहवालात निघालं की पानं पूर्ण सुटी नाहीत, पाच-सात पानांचे लहान पुडे आहेत. मी हिरमुसले. सर मात्र अहवाल घेऊन स्टाफरूमभर फिरले. तेव्हापासून त्यांची एक खोड सुरू झाली. त्यांच्यासमोर कुणी "ग्राफीन" म्हटलं की ते मध्येच बोट वर करत. "ग्राफीन नाई. ग्राफीनसारखं. सारखं म्हना." प्राचार्यांनासुद्धा ही सूट नव्हती.

त्यांच्या तोंडी आणखी एक शब्द सतत असे, "आधी कोरा." कोरा म्हणजे कोरी चाचणी. औषध न घालता तोच प्रयोग करून पाहायचा, मगच औषध घालून. नाहीतर गुण कशाचा, हे कळणार कसं? प्रॅक्टिकलच्या वहीत पहिल्या पानावर कोऱ्याचा आकडा नसेल तर सर पुढचं पान उलटत नसत. आणि हा नियम प्रयोगशाळेच्या दाराशी थांबत नसे. आमच्या प्राचार्यांनी गुडघेदुखीवर तांब्याचं कडं घेतलं होतं, गुडघ्याच्या खाली घालायचं. महिन्याभराने स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगत होते की उजवा गुडघा अगदी बरा झाला. सरांनी चहाचा कप खाली ठेवला.

"डाव्या गुडघ्याले काही बांधलं होतं काय, सर?"

"नाही."

"तो कसा हाय?"

प्राचार्यांनी जरा विचार केला. प्रामाणिक माणूस. म्हणाले, "तोही बरा आहे."

त्यानंतर ते कडं कुणाला दिसलं नाही.

ही सवय कुठून आली, असं मी एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, बापाकडून. वडील शेतमजूर, अक्षर-ओळख जेमतेम. त्यांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हापासून घरात एक नियम झाला. कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, स्वतः पाहून घ्यायचं. "मंग आमी बापाचंही मानत नोतो," सर हसून म्हणाले. "तो म्हने, हे मी नोतं सांगतलं."

आता पाण्याचं सांगते. सरांची भुकटी बॅटरीसाठी, सेन्सरसाठी, कशाहीसाठी चालली असती. गाइडना तेच हवं होतं. पण सर एकदा निवडणुकीच्या ड्युटीवर मुकुटबनच्या पुढे एका कोलामपोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर गेले होते. मतदान केंद्र म्हणजे तिथली दोन खोल्यांची शाळा. रांगेतल्या तरुण पोरी बोटाला शाई लावून घेताना हसल्या की लगेच तोंडावर पदर घेत. सरांना वाटलं, लाजतात. मग लक्षात आलं, त्या दात लपवत होत्या. दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. हातपंपाच्या पाण्यातला फ्लोराइड. दुसरी विहीर दोन किलोमीटरवर, तीही उन्हाळ्यात आटायची. सर परत आले ते ठरवूनच. भुकटीने त्या पाण्यातला फ्लोराइड ओढून घ्यायचा. गाइड म्हणाले, "अहो नगराळे, मुदत किती राहिली, तुम्ही करता काय!" सर म्हणाले, "पानी करतो, सर."

शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मैनाबाई टेकाम म्हणून होत्या. त्यांच्याशी सरांनी ठरवून टाकलं. त्या महिन्यातून दोनदा हातपंपाचं पाणी दोन कॅनमध्ये भरून काळीपिवळी जीपवाल्याकडे देत. जीप वणीपर्यंत, तिथून एसटी, आणि स्टँडवरून सर स्वतः सायकलच्या दोन्ही बाजूंना कॅन लटकवून आणत. उन्हाळाभर त्यांनी त्या पाण्यातला फ्लोराइड मोजला. दरवेळी आकडा मर्यादेच्या कितीतरी वर.

भुकटी पुरेशी जमली तोवर पाऊस लागला होता. मोजायचं मीटर आमचं नव्हतं, यवतमाळहून एका दिवसाच्या बोलीवर उसनं यायचं. त्या दिवशी सकाळपासून आम्ही दोघं उभेच. पाण्यात भुकटी टाकायची, तासभर हलवायची, गाळायची, मोजायची. पहिला आकडा आला. दुसरा आला. तिसरा आला. फ्लोराइड मर्यादेच्या आत. पंधरवड्याने नव्या कॅनवर पुन्हा तेच. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा तेच.

सरांनी स्टाफला बालूशाही वाटली. शोधनिबंध लिहून पाठवला, त्यावर माझंही नाव घातलं. शेवटचं प्रकरण गाइडकडे गेलं. गाइड पहिल्यांदा "नगराळे सर" म्हणाले. प्राचार्यांनी गेटवर फ्लेक्स लावला. "आमच्या महाविद्यालयात ग्राफीनद्वारे फ्लोराइडमुक्त पाण्याचा शोध", खाली सरांचा पासपोर्ट फोटो कानापासून कानापर्यंत मोठा केलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर सर स्टुलावर चढून काळ्या मार्करने "ग्राफीन" नंतर "सारख्या पदार्था" असं घुसवत होते. "शोध" खोडून वर "प्रयत्न" लिहिलं होतं. प्राचार्य आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

दिवाळीनंतर, थंडी पडल्यावर आलेल्या कॅनवर भुकटीने कामच केलं नाही. आकडा जिथल्या तिथे. सरांना वाटलं भुकटी शिळी झाली. नवी केली. तीच गत. आणखी एक कॅन मागवला. तीच गत. प्रबंध द्यायची मुदत संक्रांतीनंतर संपत होती, आणि सर चार दिवस भिंतीवरच्या आकड्यांच्या तक्त्यासमोर उभे राहत. मग एक दिवस मला म्हणाले, "मॅडम, पावसाळ्यातल्या कॅनचं पानी आपुन भुकटी टाकाच्या आधी मोजलंच नाई."

मी म्हटलं, उन्हाळाभर मोजलंच होतं की.

"उन्हाळ्यातलं मोजलं. त्या कॅनमंधलं नाई मोजलं. मीटर एक दिवसाचं होतं म्हून मीच म्हटलं, राहू द्या. कोरा रायला."

दोन हजार पोरांच्या वह्या ज्या कारणासाठी परत केल्या, तेच त्यांच्या हातून झालं होतं. मला हसू आलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा असते म्हणून आम्ही शुक्रवारी वणीला मुक्काम करून शनिवारी पोडावर पोचलो. मैनाबाई चुलीवर खिचडीचं आधण ठेवत होत्या. पन्नाशीची, ठसठशीत बाई, बोलताना काम थांबवायची नाही. सरांनी तिला सगळं विचारलं. कॅन कधी भरता, कुठून भरता, धुता कशाने. तिने सगळं सांगितलं. राखेने धुते, पंपाचंच भरते, दुसरीकडचं एक थेंब नाही.

"पावसाळ्यात काही येगळं करत होत्या काय?" सरांनी विचारलं.

"येगळं काय करीन बाप्पा? पावसाळ्यात पंपाचं पानी गढूळ येते, त तुरटी फिरवो. घागरीत चांगली फिरवाची, रातभर ठेवाची अन् सकाळी वरचं वरचं निवळ कॅनात भराचं."

मी सरांकडे पाहिलं. सर चुलीतल्या लाकडाकडे पाहत होते.

"तुरटी काहून फिरवली, बाई?"

मैनाबाईंना प्रश्नच कळला नाही. "काहून म्हंजे? कालेजातल्या सायबायले पानी जाऊन राह्यलं. पाव्हन्याले का गढूळ पानी देते कोनी? आमच्या घरी आमी पेतो तसंच. तुमाले कसं देऊ?"

तिला वाटत होतं, आम्ही ते पाणी पितो. इतके महिने, कॅनमागून कॅन, कॉलेजातल्या माणसांना पोडावरचं पाणी गोड लागतं म्हणून ती पाठवत होती. तुरटीच्या गाळाबरोबर फ्लोराइड खाली बसतो, हे सर दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवत. आमच्या हातात आलेला तो सुंदर आकडा मैनाबाईंच्या तुरटीचा होता. भुकटीचा नव्हता.

"मंग चुकली का मी?" तिने आमच्या तोंडाकडे पाहून विचारलं.

"नाई बाई," सर म्हणाले. "तुमी बरोबर केलं. मीच इचारलं नाई." आणि तिने पुढे केलेली खिचडीची ताटली घेऊन ते पायरीवर बसले. सगळी संपवली.

परतीच्या एसटीत मी जे बोलले त्याची मला आजही लाज वाटते. मी म्हटलं, सर, प्रबंध तर तयार आहे. आकडे खोटे नाहीत, आपण पाहिलेलेच आहेत. हे कोणाला कळणार आहे? एकदा पदवी हातात पडू द्या, मग दुरुस्त करू. खरं सांगायचं तर मला माझ्या नावाचाही मोह होता. त्या एका निबंधावर माझी कायम नोकरीची मुलाखत उभी होती.

सर रागावले नाहीत. खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "गाइडले नाई कळनार. विद्यापीठाले नाई कळनार. पन उद्या सरकारनं ही भुकटी त्या शायेत नेऊन बसवली, मंग? लेकरायच्या दातायले कळन न, मॅडम."

सोमवारी त्यांनी निबंध परत घेत असल्याचं पत्र पाठवलं. कारणही लिहिलं, जसं घडलं तसं, तुरटीसकट. त्यात मैनाबाईंचा दोष एका शब्दाने नव्हता. गाइडचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. पलीकडचा आवाज टेबलापर्यंत ऐकू येत होता. सर "हो सर, हो सर" म्हणत राहिले आणि शेवटी म्हणाले, "सर, कोरा नोता घेतला." संक्रांत झाली, मुदत गेली. गेटवरचा फ्लेक्स सरांनी स्वतःच उतरवला आणि सेल फोडताना खाली अंथरायला घेतला. स्टाफरूममधल्या काही जणांना या सगळ्याचा आनंद झाला, तो त्यांना लपवता आला नाही.

मला वाटलं, आता हा माणूस बसला. पण पंधरा दिवसांनी ते माझ्या लॅबच्या दारात उभे. खिशात कांड्या, हातात तुरटीचा खडा.

"मॅडम, तुरटीनं काम होते, हे खरं. पन तुरटी रोज टाका लागते, गाळ निंघते, पान्याले चव येते, अन् थोडी पान्यात उतरतेही. माही पानं नुसती काहीच करत नाई, हेही खरं. पन तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम त्या पानायवर बसवलं त? मंग ते पान्यात जानार नाई अन् फ्लोराइड पानावर येऊन बसन. मैनाबाईनं अर्धं काम करून देल्लं आपल्याले. आपुन पुरं करून पाहू."

त्या वर्षभरात मी इतके कोरे प्रयोग केले की स्वप्नातही रिकामं बीकर दिसे. नुसतं पाणी. पाणी आणि वाळू, कारण भुकटी शेवटी वाळूतच बसवायची होती. पाणी आणि तुरटी. पाणी आणि पानं. आणि मग पाणी आणि तुरटी बसवलेली पानं. प्रत्येक कॅन उघडल्या उघडल्या आधी मोजायचा. मीटर दोन दिवसांसाठी मागायचं, नाही मिळालं तर प्रयोग नाही. गाळलेल्या पाण्यात अ‍ॅल्युमिनियम उतरतं का, ते नागपूरहून तपासून आणायचं. आकडे आले ते पहिल्यासारखे देखणे नव्हते. कधी मर्यादेच्या जरा आत, कधी काठावर, एकदा बाहेर. सर त्या बाहेरच्या आकड्यावर आठ दिवस बसले आणि कारण निघालं, वाळू नीट धुतली नव्हती. हळूहळू आकडे आत राहायला लागले. पावसाळ्यात, हिवाळ्यात, उन्हाळ्यात. मी इतकी खूश पहिल्या बालूशाहीच्या वेळीही नव्हते.

दरम्यान विद्यापीठाला सरांनी नव्याने नोंदणीचा अर्ज केला. तो मंजूर झाला, आणि आश्चर्य म्हणजे शिफारस त्या गाइडनीच केली होती. सोबत त्यांनी लिहिलेली ओळ सरांनी मला दाखवली नाही, पण घडी घालून पाकिटात ठेवलेली मी पाहिली. सर निवृत्त झाले तेव्हा प्रबंध अर्धा लिहून झाला होता. मला त्याच सुमारास पुसदला कायम नोकरी लागली, निबंधाशिवायच. निरोपाच्या दिवशी बॅटरी एलिमिनेटर परत करायला सर आले. मी तो नोंदवहीत "जमा" लिहिला आणि पुन्हा त्यांच्या नावावर चढवला. माझ्या जागी येणाऱ्या मॅडमला सांगून ठेवलं.

यंदा फेब्रुवारीत सरांचा फोन आला. पोडावरच्या शाळेत माठ बसवतोय, या. प्रबंध दिला आहे, व्हायव्हा अजून व्हायची आहे.

मी गेले. शाळेच्या व्हरांड्यात मातीच्या माठांच्या दोन जोड्या, एकावर एक. एका जोडीत वरच्या माठात नुसती वाळू, दुसऱ्या जोडीत वाळू आणि तिच्यात काळ्या भुकटीचा थर. दिसायला दोन्ही सारख्या. सरांनी मुद्दाम कोणती कोणती ते सांगितलं नव्हतं. मैनाबाईंच्या हातात पाणी तपासायच्या औषधाची बाटली दिली होती. पाणी चांगलं असेल तर गुलाबी राहतं, फ्लोराइड असेल तर पिवळं पडतं. गुरुजी, पोरं, चार-दोन बाया, सगळे भोवती.

मैनाबाईंनी पहिल्या जोडीतल्या खालच्या माठाचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, थेंब टाकले. पिवळं. कुणीतरी चुकचुकलं. दुसऱ्या जोडीतलं घेतलं, थेंब टाकले आणि नळी उजेडाकडे धरली. गुलाबी. तिने पुन्हा केलं, स्वतःहून. पुन्हा गुलाबी. मग तिसऱ्यांदा केलं. सर भिंतीला टेकून उभे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी लपवलं नाही.

"हे होय," मैनाबाई म्हणाल्या. "याच्यातलं देतो लेकरायले."

खिचडीची वेळ झालीच होती. पोरांनी ताटल्या-ग्लास घेऊन रांग केली, पहिलीतली पुढे, मोठी मागे. मैनाबाई एकेकाचा ग्लास भरत होत्या. एक लहान पोरगी प्यायली आणि ग्लास पुन्हा पुढे केला, तेव्हा मागच्यांनी तिला ढकललं. सरांनी स्वयंपाकघरातून एक स्टीलचा ग्लास आणला आणि रांगेत सगळ्यात शेवटी जाऊन उभे राहिले. गुरुजी म्हणाले, "सर, तुमी पुढं या न." सरांनी मान हलवली.

रांग हळूहळू सरकली. त्यांची पाळी आली तेव्हा मैनाबाईंनी माठ वाकवून पाहिला. तळाशी थेंब नव्हता. सर हसले. ग्लास पायरीवर ठेवला, बाजूची बादली उचलली आणि हातपंपाकडे चालू लागले.